प्रवासी सीपॅप घेताय? मग मास्कपासून सुरुवात करा

आधी निकाल सांगून टाकते, घाईत असलेल्यांची सोय होईल. रेसमेडचं एअरमिनी हे छोटं सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) मी बरेच दिवस प्रवासात वापरते आहे आणि माझं त्याच्याशी छान जमलंय. पण त्याला अटी आहेत. मी झोपेत तोंड मिटून नाकाने श्वास घेते, नाकपुड्यांना टेकणारा पिलोजचा मास्क लावते, आणि माझं प्रेशर, म्हणजे मशीनच्या हवेचा दाब, रात्रभर साधारण आठ ते दहा सेंटिमीटर पाण्याच्या घरात फिरतं. यातली एक जरी गोष्ट वेगळी असती तर मी बहुधा दुसरंच मशीन घेतलं असतं. कोणतं, ते पुढे येईलच.

माझा धंदा हवेचा. मोठ्या इमारतींचं वातानुकूलन बसवून झालं की तिथे जायचं, ब्लोअर म्हणजे हवा ढकलणारा पंखा किती हवा देतो, डक्टमध्ये दाब किती पडतो, खोलीत आवाज किती होतो हे मोजायचं आणि करारात लिहिलंय तसं चालतंय की नाही ते सांगायचं. म्हणजे आज इथे, उद्या तिथे. कधी चांगलं हॉटेल, कधी साइटजवळचं गेस्ट हाऊस, कधी रात्रीचा प्रवास. स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडण्याच्या आजाराचं, निदान होऊन डॉक्टरांनी सीपॅप लिहून दिलं, तेव्हा त्या डब्याकडे मी पेशंटच्या नजरेने कमी आणि टेस्टिंगवालीच्या नजरेने जास्त पाहिलं. शेवटी तो ब्लोअरच. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरचा अनुभव छापला, तिथून ही उपचारपद्धत सुरू झाली. झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट बंद होते, ती नाकातून सोडलेल्या हवेच्या दाबाने उघडी ठेवायची. दाब किती, तर ४ ते २० सेंटिमीटर पाण्याचा. दहा सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम एक टक्का. तेवढ्यावर काम भागतं.

घरी माझ्याकडे रेसमेडचंच मोठं मशीन, एअरसेन्स १० आहे, पाण्याच्या टाकीसकट सव्वा किलोचं. आधी तेच घेऊन फिरत होते. मशीनचं वजन सोसता येतं, पण त्याच्याबरोबरचं लटांबर नको होतं. विटेएवढा पॉवर ॲडॉप्टर, जाड नळी, आणि ह्युमिडिफायरसाठी, म्हणजे हवेत ओल मिसळणाऱ्या टाकीसाठी, डिस्टिल्ड वॉटर. हे पाणी रात्री दहाला अनोळखी गावात शोधून बघा. शिवाय सकाळी टाकी रिकामी करायला विसरलं की पाणी मशीनमध्ये आणि मशीन बॅगेत.

म्हणून छोटं मशीन. आता छोटी मशीन घ्यायची म्हटलं की सगळे पहिला आकडा बघतात तो वजनाचा. एअरमिनी ३०० ग्रॅम. ब्रीसचं झेड-टू ऑटोही जवळपास तेवढंच. ट्रान्सेंड मायक्रो त्याहून हलकं, २१८ ग्रॅम. फिलिप्सचं ड्रीमस्टेशन गो यांच्यात जड, साधारण साडेआठशे ग्रॅम, पण त्याचा पॉवर सप्लाय आतच बसवलेला आहे, त्यामुळे वेगळी वीट सांभाळावी लागत नाही. इथेच या आकड्यांची गंमत कळते. ३०० ग्रॅम हे फक्त मशीनचं वजन झालं. नळी, ॲडॉप्टर, वायर, मास्क, हेडगिअर, कव्हर हे सगळं पाऊचमध्ये भरून मी वजनकाट्यावर ठेवलं तर काटा दुपटीच्या पुढे गेला. तरीही घरच्या मशीनच्या मानाने खूपच कमी, तक्रार नाही. पण शे-पन्नास ग्रॅमच्या फरकावर मशीन निवडू नका. ते ग्रॅम बॅगेतला एक शर्ट कमी केला तरी भरून निघतात.

निवडायचं ते मास्ककडून. सीपॅप टिकतं की कपाटात जातं हे मास्क ठरवतो. ज्याला आपला मास्क सापडलाय त्याने तो सहसा सोडू नये. आणि छोट्या मशीनमध्ये नेमका इथेच फाटा फुटतो. झेड-टू आणि ट्रान्सेंड मायक्रोला नेहमीची नळी आणि कुठल्याही कंपनीचा नेहमीचा मास्क लागतो. एअरमिनीला तसं चालत नाही. त्याची नळी वेगळी, नळीचं टोक वेगळं, आणि मास्कही रेसमेडचेच, त्यातलेही ठरावीक: पी१०, एन२०, एन३०, एफ२०, एफ३० अशा काही घराण्यांतले, तेही एअरमिनीसाठीच्या जोडणीसकट. पी१० तर एअरमिनीसाठी म्हणून वेगळाच येतो. म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या मास्कवर तुमचं बस्तान बसलं असेल तर एअरमिनी घेणं म्हणजे नव्या मास्कशी नव्याने संसार मांडणं. ते करायची तयारी असेल तर करा, पण आधी घरच्या मशीनवर त्याच घराण्यातला नेहमीचा मास्क लावून आठवडाभर झोपा. परगावी पहिल्या रात्री हे प्रयोग करू नयेत.

मास्कचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण. एन२० आणि एफ२० यांच्या पट्ट्यांच्या क्लिपमध्ये चुंबक असतात. अंधारात लावायला सोपे पडतात. पण ज्यांच्या किंवा शेजारी झोपणाऱ्याच्या शरीरात पेसमेकर किंवा तसलं काही उपकरण बसवलेलं आहे, त्यांनी असे मास्क टाळावेत. कंपन्यांनीच तशा सूचना काढल्या आहेत. पी१० मध्ये चुंबक नाही.

आता एअरमिनीची ही मास्कची अडवणूक कशासाठी, हे समजून घेतलं तर राग थोडा निवतो. या मशीनमध्ये पाण्याची टाकी नाही. त्याऐवजी मास्कजवळच्या जोडणीत ह्युमिडएक्स नावाची छोटीशी चकती बसते. हातात धरून उजेडाकडे बघितली की बारीक नळ्यांची जाळी दिसते, कागदाच्या घड्यांसारखी. तुम्ही श्वास सोडता तेव्हा त्यातली ऊब आणि ओल ही जाळी धरून ठेवते. पुढचा श्वास आत घेताना कोरडी हवा त्याच जाळीतून येते आणि ती ओल परत घेऊन येते. आमच्या धंद्यात हेच तत्त्व वेगळ्या आकारात रोज भेटतं. बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेतली उष्णता आणि बाष्प फिरत्या चाकात धरायचं आणि आत येणाऱ्या ताज्या हवेला द्यायचं. फरक इतकाच की तिथे चाक माणसाहून उंच असतं आणि इथे सगळा कारभार नाकासमोर.

हे तत्त्व चालायला एकच गोष्ट हवी: सोडलेला श्वास त्या जाळीतूनच बाहेर गेला पाहिजे. म्हणून ती मास्कच्या अगदी जवळ बसवावी लागते, म्हणून जोडणी खास, म्हणून मास्क ठरावीक. आणि याच कारणाने झोपेत तोंड उघडणाऱ्यांना यातून फारसं काही मिळत नाही. हवा नाकातून आत जाते आणि तोंडातून निसटते, जाळीकडे ओल परत येतच नाही. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली. मास्कच्या कडेने हवा सुटत असेल तरी तेच. दुकानदार 'पाण्याविना आर्द्रता' असं अभिमानाने सांगतात, त्यात खोटं काही नाही, फक्त ही अट सांगायची राहून जाते. घरच्या मशीनचा लीकचा आलेख रात्रीचा बराच वेळ वर चढलेला दिसत असेल, तर आधी ती गळती मिटवा, मग प्रवासी मशीनचा विचार.

ह्युमिडएक्सचे प्रकार आहेत. साधा, आणि कोरड्या हवेसाठी ह्युमिडएक्स प्लस. कुठे कुठला लावायचा याचा माझा ठोकताळा हवेच्या गणितातून आला. बाहेर शून्य अंशाला अगदी शंभर टक्के ओली हवा असली, तरी ती खोलीत घेऊन २२ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता साधारण २३ टक्क्यांवर येते. म्हणजे थंडीच्या दिवसांत हीटर लावलेली खोली ही वाळवंटासारखी. विमानाच्या केबिनमध्ये तर दहा-वीस टक्केच. अशा ठिकाणी मी प्लस लावते. समुद्राकाठच्या दमट हवेत साधाही पुरतो. दोन्ही धुवायचे नसतात, आणि पाकीट फोडल्यावर जास्तीत जास्त तीस दिवसांत बदलायचे असतात. पाकीट फोडलं की त्यावर मी पेनाने तारीख टाकते, नाहीतर लक्षात राहत नाही. हा चालू खर्च आहे, मशीनची तुलना करताना तोही धरा. बाकी कंपन्यांच्या छोट्या मशीनलाही अशाच ओल धरणाऱ्या चकत्या मिळतात, आणि त्या नळी आणि मास्क यांच्यामध्ये बसतात. ड्रीमस्टेशन गोला मात्र जोडायचा छोटा पाण्याचा ह्युमिडिफायर निघाला होता. ज्यांना चकतीने भागत नाही त्यांच्यासाठी तो मार्ग.

आवाजावर मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण यातच लोक सगळ्यात जास्त फसतात.

कॅटलॉगमध्ये एअरमिनीचा आवाज ३० डेसिबल लिहिलाय. झेड-टूचा २६. घरचं एअरसेन्स १० साडेसव्वीसच्या आसपास. चार डेसिबलचा फरक म्हणजे किती, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. डेसिबल हे सगळ्या स्वरांची बेरीज करून काढलेलं एक मोजमाप. त्यात आवाज किती हे कळतं, कसला ते कळत नाही. पंख्याचा एक नियम आहे: पंख्याने निर्माण केलेला दाब हा त्याचा व्यास गुणिले फेरे याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा केलात तर तोच दाब काढायला फेरे दुप्पट लागणार. छोट्या मशीनमधलं पातं छोटं, त्यामुळे ते जास्त वेगाने फिरणार, आणि वेग वाढला की सूर वर चढणार. मोठं मशीन घरघरतं, छोटं बारीक सुरात गातं. हे सगळ्याच छोट्या मशीनना लागू आहे, कोणा एका कंपनीचं वाकडं नाही. काहींना तो बारीक सूर अजिबात जाणवत नाही. काहींना त्याशिवाय दुसरं काही ऐकूच येत नाही. माझे कान कामामुळे सुराला नको इतके तयार झालेत. मशीन डोक्याशी ठेवलं तर मला तो ऐकू येतो, पलंगाच्या खालच्या अंगाला, पायांकडे सरकवून ठेवलं की नाही. नळी १.८ मीटरची आहे, तेवढं अंतर सहज मिळतं. काचेच्या किंवा पोकळ लाकडी टेबलावर ठेवलं तर टेबलही सुरात सूर मिसळतं. खाली घडी घातलेला टॉवेल ठेवा. फक्त हवा आत घेण्याची जाळी त्या टॉवेलने झाकली जाणार नाही एवढं बघा.

दुसरा आवाज मास्कचा. प्रत्येक मास्कला किंवा त्याच्या जोडणीला मुद्दाम ठेवलेली भोकं असतात, सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्यातून निघून जातो. दहा सेंटिमीटरवर यातून मिनिटाला तीसेक लिटर हवा सुटते. ती सूं करते, आणि ती तुमच्या तोंडासमोर असते, मशीनसारखी दूर ठेवता येत नाही. सहकारी मुलीबरोबर खोली वाटून घेतली होती, तिला सकाळी विचारलं, झोप मोडली का गं माझ्या मशीनने? म्हणाली, "ताई, मशीनचं काही नाही हो, पण तुम्ही इकडे कुशीला वळलात की वारं थेट माझ्या कपाळावर." तेव्हापासून मी भिंतीकडचा पलंग घेते.

आवाजाची परीक्षा दुकानात होत नाही. तिथे एसी चालू, लोक बोलताहेत, बाहेर रहदारी. घेण्याआधी मशीन एका रात्रीसाठी मागा. देत नसतील तर निदान शांत खोलीत, तुमच्या स्वतःच्या प्रेशरवर लावून पंधरा मिनिटं आडवं पडून ऐका. चारच्या प्रेशरवर सगळीच मशीन गुणी असतात.

नळीबद्दलही थोडं. ड्रीमस्टेशन गोबरोबर अगदी बारीक, १२ मिलिमीटरची नळी येते. गुंडाळली की मुठीत मावते. पण नळीचा व्यास कमी केला की तिच्यातला दाबाचा ऱ्हास व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. हवेचा प्रवाह तोच ठेवून १९ मिलिमीटरच्या नळीऐवजी १२ची लावली तर ऱ्हास सुमारे दहापट. मशीन ते भरून काढतं, पण त्याला कुठली नळी लावली आहे हे सेटिंगमध्ये सांगितलेलं असेल तरच. म्हणून सुटी स्वस्त नळी आणून कुठल्याही मशीनला जोडू नका. कागदावर दहा आणि नाकाशी साडेआठ असा प्रकार व्हायचा, आणि तुम्हाला कळणारही नाही, फक्त दिवसा पेंग येईल.

ड्रीमस्टेशन गोचं नाव घेतलं तर एक गोष्ट न सांगून चालणार नाही. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेल्या फोमचे कण सुटण्याच्या शक्यतेवरून लाखो मशीन परत मागवली. ड्रीमस्टेशन गो त्या यादीत होतं. त्यामुळे कोणाकडून वापरलेलं घेत असाल तर सीरियल नंबर कंपनीकडे तपासल्याशिवाय हात लावू नका. आणि ओझोनने मशीन स्वच्छ करणारे डबे विकतात त्यांच्या नादी तर कुठल्याच मशीनसाठी लागू नका. ओझोनने तो फोम आणखी लवकर झिजतो असा इशारा तेव्हाच दिला गेला होता. मास्क आणि नळी साबणाच्या कोमट पाण्याने धुवायची आणि सावलीत वाळवायची. प्रवासात मी रोज फक्त पिलोज पुसते, नळीला मुक्काम लांबला तरच अंघोळ.

एअरमिनीला स्क्रीन नाही. एक चालू-बंदचं बटण, एक ब्लूटूथचं, आणि बाकी सगळं मोबाइलवरच्या ॲपमध्ये. मला सुरुवातीला वाटलं होतं की फोनची बॅटरी संपली तर रात्र वाया. तसं नाही, बटण दाबलं की मशीन आधीच्या सेटिंगवर सुरू होतं. पण रॅम्पचा (सुरुवातीला दाब हळूहळू चढवण्याचा) वेळ बदलायचा, मास्कचा प्रकार बदलायचा, रात्रीचे आकडे बघायचे तर फोन हवाच. ज्यांना ॲपचा कंटाळा आहे, किंवा ज्यांच्या वडिलांसाठी किंवा आईसाठी मशीन घ्यायचंय आणि ते फोनशी फार झटापट करत नाहीत, त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. आईला रात्री अकराला फोनवरून ब्लूटूथ जोडायला शिकवणं हे काम ज्याने केलंय त्यालाच माहीत.

मोड तीन आहेत: ठरावीक दाबाचा सीपॅप, गरजेप्रमाणे दाब बदलणारा ऑटोसेट, आणि 'ऑटोसेट फॉर हर'. हे तिसरं नाव वाचून मी जरा नाक मुरडलं होतं. गुलाबी झाकण लावून विकायचा प्रकार असेल असं वाटलं. तसं नाही. बायकांमध्ये श्वास पूर्ण थांबण्यापेक्षा हवेचा ओघ आक्रसण्याचे प्रसंग तुलनेने जास्त दिसतात, हे धरून दाब सौम्यपणे वाढवणारी ती पद्धत आहे. मला डॉक्टरांनी तीच लावून दिली आहे. कुठला मोड आणि कमाल-किमान दाब किती, हे डॉक्टरच ठरवणार. घरच्या मशीनचे आकडे जसेच्या तसे नव्या मशीनमध्ये टाकून घ्या. नवं मशीन ४ ते २० अशा उघड्या मैदानावर सोडून देऊ नका, दुकानातून बऱ्याचदा ते तसंच येतं.

विजेचं म्हणाल तर ही मशीन १०० ते २४० व्होल्टवर चालतात, म्हणून परदेशात कन्व्हर्टर लागत नाही, नुसता पिनेचा ॲडॉप्टर पुरतो. प्लग पलंगापासून किती लांब असेल याचा नेम नाही, त्यामुळे तीन मीटरची एक्स्टेन्शन वायर माझ्या पाऊचमध्ये कायमची. मशीन विसरले तर एखादी रात्र कशीतरी काढेन, पण मशीन आहे आणि वायर पोचत नाही याच्यासारखा संताप नाही.

बॅटरी मात्र वेगळा विचार करून घ्यायची गोष्ट. एअरमिनीच्या आत बॅटरी नाही. त्याला २४ व्होल्ट लागतात. मोबाइल-लॅपटॉपसाठी मिळणाऱ्या नेहमीच्या यूएसबी-सी पॉवर बँक २० व्होल्टपर्यंतच जातात, तेव्हा घरातली पॉवर बँक चालेल असं गृहीत धरू नका. सीपॅपसाठीची म्हणून मिळणारी २४ व्होल्टची बॅटरी घ्या, आणि घेताना त्यावर छापलेले वॅट-आवर बघा. विमानात १०० वॅट-आवरपर्यंतची सुटी बॅटरी परवानगीशिवाय चालते, १०० ते १६० च्या मधली असेल तर विमान कंपनीची मंजुरी आणि जास्तीत जास्त दोन नग. दोन्ही केबिनमध्येच, चेक-इनच्या बॅगेत कधीही नाही. काही बॅटरींवर फक्त मिलीअँपिअर-आवर लिहिलेले असतात. हिशेब सोपा आहे: ३.७ व्होल्टच्या सेलसाठी २७,००० म्हणजे जवळपास १०० वॅट-आवर. माझ्या प्रेशरवर शंभराच्या आतली बॅटरी एक पूर्ण रात्र आणि दुसऱ्या रात्रीचा चांगला भाग काढते. घरच्या मशीनला पाणी तापवत ठेवून हीच बॅटरी लावली असती तर पहाटेच माना टाकल्या असत्या. हवा ढकलायला वीज थोडी लागते, पाणी तापवायला भरपूर.

विमानात वापरायचं असेल तर मशीनवर किंवा त्याच्या कागदावर 'आरटीसीए डीओ-१६०' असा उल्लेख आहे का बघून ठेवा. विमानातल्या इतर उपकरणांना त्रास देत नाही याची ती खूण. विमान कंपनीला आधी कळवा, आणि सीटजवळचा प्लग चालेल या भरवशावर राहू नका. सिक्युरिटीला अमेरिकेत मशीन पिशवीतून काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगतात, मास्क आणि नळी आत राहिली तरी चालते. इतर ठिकाणी कधी काढा म्हणतात, कधी नाही. मी मशीन स्वच्छ पारदर्शक पिशवीत घालूनच नेते. ज्या ट्रेमध्ये नुकतेच कोणाचे बूट होते त्यात नाकाला हवा देणारा डबा उघडा ठेवायला जीव धजत नाही. डॉक्टरांचं पत्र बरोबर असतं. मला ते क्वचितच दाखवावं लागतं, पण असलं की बोलणं लवकर संपतं.

उंचीवर जाणाऱ्यांसाठी: एअरमिनी समुद्रसपाटीपासून २,५९१ मीटर, म्हणजे ८,५०० फुटांपर्यंत वापरायचं असं कंपनीच सांगते. डोंगरात त्याहून वर मुक्काम असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. त्या उंचीवर ॲप्नियाचं स्वरूपच बदलू शकतं, ते मशीनच्या आवाक्यातलं राहीलच असं नाही.

कोणी घेऊ नये हेही स्पष्टच सांगते. ज्यांना बायलेव्हल मशीन लिहून दिलंय, म्हणजे श्वास घेताना एक दाब आणि सोडताना बराच कमी दाब, त्यांच्यासाठी वरच्या चारांपैकी एकही नाही. नाक कायम चोंदलेलं असून तापवलेल्या पाण्याच्या वाफेवरच ज्यांची रात्र निघते त्यांनीही थांबावं. त्यांना घरचं मशीन टाकी काढून नेणं कधीकधी जास्त सोयीचं पडतं, मशीनवर टाकीच्या जागी लावायचं झाकण मिळतं. आणि ज्यांचा मास्क दुसऱ्या कंपनीचा आहे, तो त्यांना प्राणापलीकडे आवडतो, त्यांनी झेड-टू किंवा ट्रान्सेंड मायक्रो बघावं. माझा पिलोजचा मास्क एअरमिनीच्या घराण्यातला नसता तर मी झेड-टूच घेतलं असतं, कारण नळी हरवली तर नेहमीच्या मापाची कुठलीही साधी नळी लावता येते. एअरमिनीची नळी हरवली तर मुक्कामावर ती सहजासहजी मिळणार नाही. म्हणून माझ्याकडे जादा नळी असते, ती वेगळ्या बॅगेत.

वर्षातून दोन-चारदाच बाहेर पडत असाल तर या सगळ्याची गरजच नाही. घरचं मशीन उचला, डिस्टिल्ड वॉटरची छोटी बाटली घ्या आणि निघा.

काही जण विचारतात की एकच छोटं मशीन घेऊन घरीही तेच वापरलं तर? वापरता येतं, उपचार तोच होतो. मी ते करत नाही. घरी पाण्याची वाफ आणि हलका आवाज मिळत असताना तो सोडायचं कारण नाही, आणि घरच्या मशीनच्या कार्डावर रात्रीचा श्वासन् श्वास नोंदलेला असतो, तो संगणकावर उघडून बघता येतो. एअरमिनीला कार्डाची खाचच नाही, जे दिसतं ते ॲपमध्ये, थोडक्यात: किती तास, ताशी किती वेळा श्वास अडला, मास्क नीट बसला की नाही. प्रवासात तेवढं पुरतं. पण दोन मशीन असली की नोंदी दोन ठिकाणी विखुरतात, आणि तपासणीच्या वेळी घरच्या मशीनच्या आलेखात रिकामे दिवस दिसतात. डॉक्टरांचा पहिला प्रश्न मग हाच, की या दिवसांत मशीन लावलं नाहीत का? तपासणीला जाण्याआधी ॲपमधल्या त्या दिवसांच्या आकड्यांचे स्क्रीनशॉट काढून त्यांना पाठवून ठेवा.